भातुकलीचा डाव मोडू नका



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक देवळात भरली होती. शेजारी आमचीच पोरं गोल करून बसलेली. वाघ्या घेवड्याचे दाणे म्हणजे पैसे, जुनी वही म्हणजे हिशेबाचं रजिस्टर. पाच वर्षांची एक पोर अध्यक्ष झाली होती. "तुमचा हप्ता दोनदा चुकला, आता कर्ज मिळायचं नाही," असं ठसक्यात सांगत होती. आम्ही हसलो. तेवढ्यात एकीनं तिला उठवलं, "चल, पाटी घे. खेळून पोट भरतं का?" डाव मोडला, पोर रडत गेली.

घरी आपण सगळ्याच असं करतो. पण पाटीची तयारी तर त्या खेळातच चालली होती.

मूल साधारण दीड वर्षाचं झालं की रिकाम्या वाटीतून बाहुलीला भरवतं. तीन ते सहा वर्षांत हा खेळ रंगात येतो. दाण्याला रुपया मानणारं मूल पुढं 'क' या आकाराला आवाज मानायला शिकतं. दुकान मांडलं की मोजणं येतं, बोलणं वाढतं. एरवी एका जागी न बसणारं पोर पेशंट झालं की गुमान पडून राहतं. मनाला आवर घालणं असंच जमतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. महागडी खेळणी नव्हती. शिंपले, पानं, बिया, खडे यांवरच त्यांनी मुलांना शिकवलं. मुलांच्या अंगणात जाऊन भरवलेली ती अंगणवाडी.

तेव्हा आपण काय करायचं? रिकामे डबे, खोकी, जुनं लुगडं पोरांना द्यायचं. मधे शिकवायला जायचं नाही. बोलावलं तर पाहुणी होऊन खोटा चहा प्यायचा. मुलगा भाकरी थापत असेल तर हसायचं नाही. तीन वर्षांच्या आतल्या पोरांच्या हाती मात्र दाणे, चिंचोके नकोत. नाकात, घशात अडकतात. आणि बाहुलीला रोज मारच बसत असेल, तर पोराला रागावण्याआधी त्यानं हे कुठं पाहिलं, याचा विचार करायचा.

त्या पोरीला आम्ही दाणे परत दिले. या बैठकीत तिनं पहिला हप्ता आमच्याच अध्यक्षबाईंकडं मागितला.