तीन बायबलं आणि एक सोलापूर

हे लिहिताना टेबलावर तीन बायबलं उघडी आहेत: मराठी, तेलुगू आणि कन्नड. तिन्हींत तेविसावं स्तोत्र काढलंय. मराठीत देव ‘परमेश्वर’ आहे, उरलेल्या दोन्हींत ‘यहोवा’. मराठीत तो मेंढपाळ, तेलुगूत ‘कापरी’ आणि कन्नडात ‘कुरुब’, म्हणजे कर्नाटकातल्या धनगरांच्या जातीचं नावच. पुस्तकाचं नावही जागेवर राहत नाही. आपली ‘स्तोत्रसंहिता’ तेलुगूत ‘कीर्तनलु’ होते, कन्नडात ‘कीर्तनेगळु’. मराठी ख्रिस्ती माणसाला मात्र कीर्तन म्हटलं की टाळ-मृदंगासह उभे राहिलेले ख्रिस्ती कीर्तनकार कृष्णराव सांगळे आठवायचे.

सोलापुरात हे तिन्ही ग्रंथ एकाच गल्लीत सापडू शकतात. 1860 मध्ये रेल्वे आली, 1877 मध्ये पहिली मोठी कापडगिरणी सुरू झाली आणि तेलंगणातले विणकर इथे येत राहिले. आजही पूर्व भागात दुकानदार गिऱ्हाइकाशी तेलुगूत घासाघीस करतो. कन्नड तर गावाची जुनीच भाषा. इथल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडच. अशा गावात 1860 च्या दशकात अहमदनगरकडून अमेरिकन मिशनरी आले. त्यांच्या संस्थेचं नाव ‘अमेरिकन मराठी मिशन’. शाळा मराठी, उपासना मराठी, गायनपुस्तक मराठी. त्या पुस्तकाला पुढे कवी नारायण वामन टिळकांनी जे अभंग आणि भजनं दिली, त्यांमुळे मराठी मंडळ्यांत पंथापंथांतली भिंत बरीच खाली आली. पण अभंगाची गोडी लागायला आधी मराठी कानात असावी लागते. विणकराच्या घरातल्या म्हातारीचं काय?

भाषांची खरी सरमिसळ झाली ती वेगळ्याच ठिकाणी, गुन्हेगार जमाती कायद्याखालच्या सेटलमेंटमध्ये. सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार काही काळ याच मिशनकडे होता. कैकाडी बोली द्राविडी कुळातली, पारध्यांची गुजरातीच्या जवळची. काटेरी तारेच्या आत दोघांचीही हजेरी एकाच वहीत लागायची. मिशनने तिथे शाळा चालवली, लोकांना हातकाम शिकवलं, हे खरंच. तरी माणसांना जन्मावरून गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याची किल्ली पाळकाच्या संस्थेने खिशात ठेवावी, हे मला पटत नाही. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. वस्तीच्या नावातला ‘सेटलमेंट’ हा शब्द अजून टिकून आहे.

कागदावरच्या ऐक्याची गोष्ट निराळी. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या 1924 मध्ये एकत्र आल्या, त्यांची ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झाली. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ उभी राहिली. तिकडे दक्षिणेत ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ 27 सप्टेंबर 1947 लाच मद्रासमध्ये स्थापन झाली होती. बिशपांचं स्थान काय, बाप्तिस्मा बालपणी की जाणतेपणी, यावर वर्षानुवर्षं बैठका झाल्या. भाषेवर त्या मानाने फार खल झाला नाही. तो प्रश्न नकाशाने आपोआप सोडवला. मिशनरी पाठवणाऱ्या एकाच अमेरिकन बोर्डाची ही दोन अपत्यं: मदुराईची मंडळी दक्षिणेत गेली, मराठी मंडळी उत्तरेत. सोलापूर त्या रेषेला चिकटून. तेलंगणातून सोलापुरात कामाला आलेला ख्रिस्ती माणूस गाडीतून उतरताना चर्चही बदलत होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता!

म्हणून ‘सगळ्यांनी एकाच भाषेत उपासना करावी’ हा अधूनमधून ऐकू येणारा आग्रह मला घाईचा वाटतो. आईच्या भाषेत प्रार्थना करायला कुणी वेगळी वेळ मागितली तर ती फूट नव्हे. फूट पडते ती जमिनीच्या उताऱ्यावर आणि कमिटीच्या निवडणुकीत, आणि तिथे बहुतेक वेळा दोन्ही बाजू अस्खलित मराठीत भांडतात.

मागे एका संयुक्त प्रार्थनेला गेलो होतो. तेलुगू पाळक दर दोन वाक्यांनी ‘स्तोत्रम’ म्हणत होते. मी दर वेळी स्तोत्रसंहिता उघडून आकड्याची वाट बघायचो. शेवटी शेजारच्या मावशींना राहवलं नाही.

“काय हुडकालाव?”

“कितवं स्तोत्र म्हणाले?”

“कितवं नाही ओ. आमच्यात स्तोत्रम म्हणजे देवाचे आभार.” मग माझ्या हातातलं पुस्तक त्यांनी अलगद मिटून टाकलं.