जुना गृहसंगणक आणि विजेची चावडी

१९७८ सालच्या जानेवारींत अमेरिकेंतील शिकागो शहरावर मोठें हिमवादळ आलें. रस्ते बुजून गेले आणि माणसें घरोघरीं अडकून पडलीं. त्या सक्तीच्या सुटींत वॉर्ड ख्रिस्टेन्सेन व रँडी सुएस या दोघां संगणकप्रेमी मित्रांनीं एक योजना आंखली. भिंतीवरच्या फलकावर मंडळाचे सभासद आपापल्या चिठ्ठ्या टांचून ठेवतात; तोच फलक संगणकांत ठेवला आणि टेलिफोनच्या तारेनें कोणासहि घरबसल्या वाचतां आला, तर काय हरकत आहे? ख्रिस्टेन्सेन यांनीं आज्ञावली लिहिली, सुएस यांनीं यंत्रांची जुळणी केली, आणि त्याच वर्षीं १६ फेब्रुवारीस हा फलक लोकांना खुला झाला. पुढें याच नमुन्यावर देशोदेशीं असे फलक निघाले. आपल्याकडील चावडीवर जसा निरोप, वाद आणि गप्पा यांचा एकत्र व्यवहार चाले, तसाच तो येथें विजेच्या आधारें चालूं लागला.

१९८२ सालीं निघालेला कमोडोर ६४ हा गृहसंगणक अशा पुष्कळ फलकांचा यजमान होता. आज चाळीस वर्षांहून अधिक वय झालेलीं तीं यंत्रें कांहीं हौशी मंडळी पुन्हां त्याच कामास लावीत आहेत. हें काम कठीण नाहीं; परंतु त्यांत एका तारेची चूक झाली, तर जुनें यंत्र कायमचें मुकें होण्याचा संभव असतो. म्हणून जोडणीमागील तत्त्व आधीं नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

संगणकाच्या पोटांत एक अक्षर म्हणजे आठ खुणा. प्रत्येक खूण शून्य किंवा एक. या आठहि खुणा आंत आठ तारांवरून एकदम चालतात. जणूं आठ माणसें हातांत हात घालून रुंद रस्त्यानें निघालीं आहेत. बाहेर जाणारी वाट मात्र अरुंद बोळासारखी, एकाच तारेची. तेथें त्यांना एकामागून एक जावें लागतें. या व्यवस्थेस सीरियल जोडणी म्हणतात. अक्षर निघालें हें कळावें म्हणून आधीं एक आरंभखूण आणि संपलें हें कळावें म्हणून शेवटीं एक अंत्यखूण लावतात. अशा रीतीनें एका अक्षरास सामान्यतः दहा खुणा लागतात. सेकंदास ३०० खुणांचा वेग असला, तर ३० अक्षरें जातात. कमोडोरच्या पडद्यावर ४० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे १००० अक्षरें मावतात. तेव्हां एक पडदा भरण्यास अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो.

आतां विजेच्या दाबाचा प्रश्न. यंत्रायंत्रांतील अशा संभाषणासाठीं १९६० सालीं अमेरिकेंत आरएस-२३२ नांवाचें मानक ठरलें. त्यांत ‘एक’ ही खूण उणे ३ ते उणे १५ व्होल्ट, आणि ‘शून्य’ ही खूण अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट यांनीं दर्शविली जाते. कमोडोरच्या मागील जोडस्थानावर, ज्यास यूझर पोर्ट म्हणतात, ‘शून्य’ म्हणजे जवळजवळ ० व्होल्ट आणि ‘एक’ म्हणजे सुमारें ५ व्होल्ट. दोघांची भाषा निराळी आणि आवाजहि निराळा. मानकाची तार थेट यूझर पोर्टला लावली, तर तेथील ६५२६ ही चकती जळूं शकते. आणि मूळ कारखान्यांतून ती निघणें केव्हांच बंद झालें आहे. म्हणून मध्यें एक दुभाषा बसवावा लागतो. १९८७ सालीं निघालेली मॅक्स-२३२ ही चकती तें काम करते. ती ५ व्होल्टांपासूनच अधिक आणि उणे असे दोन्ही दाब निर्माण करते व खुणांची उलटापालटहि संभाळते.

यूझर पोर्टवर २४ संपर्क आहेत. वरच्या रांगेंत १ ते १२ अंक, खालच्या रांगेंत अक्षरें. ‘एम’ या संपर्कावरून खुणा बाहेर जातात आणि ‘सी’ या संपर्कावर आंत येतात. परंतु आंत येणारी तार ‘बी’ या संपर्कासहि जोडावी लागते, आणि नवखा मनुष्य नेमका येथेंच चुकतो. ‘बी’ हा दारावरची थाप ऐकणारा आहे: आरंभखूण येतांच तो यंत्रास जागें करतो, आणि मग ‘सी’वरून पत्र वाचलें जातें. ‘बी’ सुटला, तर यंत्र पाठवील सर्व कांहीं, ऐकणार कांहींच नाहीं. १० व ११ या संपर्कांवर ९ व्होल्टांची उलटसुलट वाहणारी वीज असते. त्यांना हात न लावणें हेंच उत्तम.

या यंत्रांत सीरियल कामासाठीं वेगळी चकती नाहीं. मुख्य चकतीच प्रत्येक खूण मोजीत बसते. तिचे ठोके सेकंदास सुमारें दहा लक्ष. २४०० खुणांच्या वेगास एका खुणेच्या वांट्यास जेमतेम चारशें ठोके येतात. शिवाय तबकडीशीं व्यवहार चालू असतां हें मोजणें थांबवावें लागतें, आणि त्या वेळीं आलेलीं अक्षरें हरवतात. यासाठीं ‘थांब’ व ‘चालूं दे’ असें सांगणाऱ्या तारा जोडाव्या, अथवा ६५५१ ही स्वतंत्र चकती असलेलें स्विफ्टलिंकसारखें जोडयंत्र वापरावें. मग ३८,४०० पर्यंत वेग मिळूं शकतो.

टेलिफोनची जागा आतां बिनतारी इंटरनेटनें घेतली आहे. २०१४ सालीं निघालेल्या ईएसपी-८२६६ या चकतीवर बांधलेला लहानसा मोडेम, १९८१ सालच्या हेज स्मार्टमोडेमच्याच आज्ञा पाळतो. कोणी दुरून जोडणी मागितली, कीं तो जुन्या आज्ञावलीस घंटा वाजल्याचें कळवितो. तिला वाटतें, टेलिफोनच आला. ही चकती मात्र ३.३ व्होल्टांची आहे; तेव्हां ५ व्होल्ट उतरवून घेणारी जोडणी मध्यें हवी. यूझर पोर्टसाठीं तयार मिळणाऱ्या मोडेमांत ती बहुधा असते, आणि तेथें मॅक्स-२३२ची गरज उरत नाहीं.

‘एच’ या संपर्काकडे विशेष लक्ष द्यावें. पाहुणा अजून दारीं आहे कीं गेला, हें त्यावरून समजतें. एका यंत्रावर एका वेळीं एकच पाहुणा येऊं शकतो. हा संपर्क चुकला, तर निघून गेलेल्या पाहुण्याची वाट पाहत यंत्र रात्रभर बसून राहतें, आणि बाहेर दुसरे लोक ताटकळत परत जातात. या साध्या जोडणींत संदेश उघड्या पत्रासारखे जातात, म्हणून इतरत्र वापरांत असलेला परवलीचा शब्द येथें देऊं नये.

अहोरात्र चालणाऱ्या यंत्रास मूळचा वीजपुरवठा देऊं नये. जुना झाल्यावर तो ५ व्होल्टांच्या जागीं अधिक दाब सोडतो आणि स्मरणचकत्या जाळतो. त्याहूनहि आधीं तबकड्यांच्या नकला कराव्या. एका तबकडीवर सुमारें १७० किलोबाइट मजकूर मावतो. एवढ्याशा जागेंत कोणाची खरेदीविक्री, कोणाचा रुसवा, कोणाच्या मुलाच्या परीक्षेची वार्ता सांठलेली असते, आणि तिच्यावरील लोहचुंबकी लेप दरवर्षीं थोडा थोडा झिजत आहे. सुएस २०१९ सालीं व ख्रिस्टेन्सेन २०२४ सालीं निवर्तले. यंत्र बिघडल्यास दुसरें शोधतां येईल. पुसून गेलेलीं पत्रें पुन्हां लिहिणारें कोणी उरलेलें नसतें. म्हणून आधीं नक्कल करावी, मग दुभाषा बसवावा, आणि सर्वांत शेवटीं विजेचें बटण दाबावें.