वंध्यत्व उपचारकाळातील सामाजिक कलंक व भावनिक ताण : वऱ्हाडच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना
भारतीय समाजात विवाह व अपत्यप्राप्ती यांचे नाते अतूट मानले जाते. त्यामुळे अपत्यहीनता ही केवळ वैद्यकीय समस्या न राहता स्त्रीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न बनते. बारा महिने वा अधिक काळ नियमित व असंरक्षित शरीरसंबंध असूनही गर्भधारणा न होणे म्हणजे वंध्यत्व, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. याच संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे सहापैकी एका प्रौढ व्यक्तीस आयुष्यात केव्हा तरी हा अनुभव येतो. अमरावती व अकोला परिसराच्या संदर्भात या उपचारकाळातील कलंक व ताण यांचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कलंकाचे स्वरूप
एखाद्या वैशिष्ट्यावरून व्यक्तीची संपूर्ण ओळखच डागाळली जाते, हा विचार समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये विस्ताराने मांडला. वऱ्हाडात ही प्रक्रिया घरगुती समारंभांतून घडते. डोहाळजेवणात ओटी भरताना वा बारशाच्या पाळण्याजवळ अपत्यहीन स्त्रीस नकळत मागे ठेवले जाते. ‘काहून वं, अजून काही नाई?’ हा प्रश्न मायेने विचारला तरी जिव्हारी लागतो.

‘वांझ’ हा शब्द स्त्रीलाच लावला जातो. वस्तुतः सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाशी संबंधित कारण एकटे वा इतर कारणांसह आढळते. तरीही पत्नीची दुर्बिणीची तपासणी आधी आणि पतीची साधी, अल्पखर्चिक वीर्यतपासणी नंतर, असा उलटा क्रम अनेक घरांत दिसतो. महात्मा जोतीराव फुले यांनी अपत्य नसतानाही दुसऱ्या विवाहाचा आग्रह नाकारला आणि काशीबाई या विधवेचा पुत्र यशवंत यास दत्तक घेतले. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेल्या गाडगेबाबांनी नवस व पशुबळी यांवर कीर्तनांतून प्रहार केले. दोष स्त्रीवर टाकण्याच्या आणि नवसाने मूल मागण्याच्या वृत्तीला छेद देणारी परंपरा अशी आपल्याच मातीत आहे.

उपचारकाळातील ताण
इंजेक्शने, वारंवार सोनोग्राफी, प्रवास, रजा व खर्च या चक्रातून जोडप्यास जावे लागते. अकोट, दर्यापूर वा अचलपूरहून शहरात येणाऱ्या स्त्रीस प्रत्येक फेरीचे कारण घरी व शेजारी सांगावे लागते. आयव्हीएफमध्ये गर्भरोपणानंतर रक्तचाचणीपर्यंतचे सुमारे दोन आठवडे विशेष कठीण जातात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲलिस डोमार व सहकारी यांच्या १९९३ मधील अभ्यासात वंध्यत्वग्रस्त स्त्रियांतील नैराश्याची लक्षणे कर्करोग व हृदयविकार असलेल्या स्त्रियांच्या तुल्य आढळली.

या ताणात ‘टेन्शन घेऊ नको, आपोआप होईल’ या सल्ल्याची भर पडते. सल्ला हितबुद्धीचा असला तरी अपयशाची जबाबदारी तो पुन्हा स्त्रीच्या मनावर टाकतो. जॅकी बॉइव्हिन व सहकारी यांनी २०११ मध्ये १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण केले. उपचारापूर्वीचा भावनिक ताण व त्या चक्रातील गर्भधारणा यांत त्यांना संबंध आढळला नाही. याचा अर्थ ताण दुर्लक्षणीय आहे असा नव्हे. ताण असह्य झाल्याने अनेक जोडपी उपचार अर्धवट सोडतात. मानसिक आधार गर्भधारणेचे साधन म्हणून नव्हे, तर दुःख हलके करण्यासाठी आवश्यक आहे.

ताणास तोंड देण्याचे मार्ग
लाझरस व फोकमन यांनी १९८४ मध्ये समस्याकेंद्री व भावनाकेंद्री असे समायोजनाचे दोन प्रकार मांडले. पतिपत्नींनी एकाच वेळी तपासणी करणे, तसेच किती चक्रे व किती खर्च हे आधीच ठरवणे, हे पहिल्या प्रकारात येते. निकाल मात्र हाती नसतो. तेथे दुःख बोलून दाखवणे व समुपदेशन उपयोगी पडते. कॅथरीन रिसमन यांच्या केरळमधील अभ्यासात (२०००) अपत्यहीन स्त्रिया काही प्रसंग टाळून, तर काही ठिकाणी ठाम उत्तर देऊन कलंकाचा प्रतिकार करताना दिसतात. सासरच्या प्रश्नांना पतीने स्वतः उत्तर दिल्यास पत्नीवरील भार लक्षणीय कमी होतो.

कायद्याचाही आधार आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ च्या कलम ३ नुसार मूल वा मुलगा नसल्यावरून अपमान वा उपहास करणे हा शाब्दिक व भावनिक छळ ठरतो. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा, २०२१ ने उपचार केंद्रांवर समुपदेशनाची जबाबदारी टाकली आहे. या समुपदेशनात यशाची शक्यता व धोके यांची माहिती जोडप्यास मिळाली पाहिजे. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतून विनामूल्य साहाय्य मिळते.

समारोप
वरील विवेचनावरून असे दिसते की, या ताणाचा मोठा भाग शरीरात नसून भोवतालच्या प्रश्नांत आहे. म्हणून तो कमी करणे भोवतालच्यांच्या हाती आहे. महाविद्यालयेही त्यास अपवाद नाहीत. उपचार घेणाऱ्या सहकारी प्राध्यापिकेस रजेचे कारण खोदून न विचारणे, परीक्षेच्या कामाची पाळी निमूटपणे बदलून देणे आणि प्राध्यापक कक्षात ‘गोड बातमी केव्हा?’ हा प्रश्न न काढणे, यांस कोणताही खर्च लागत नाही. विद्यार्थ्यांस शरीरशास्त्र वा समाजशास्त्र शिकवताना वंध्यत्व हे दोघांचे असू शकते, हे स्पष्ट सांगितल्यास पुढच्या पिढीतील तपासणीचा क्रम तरी बदलेल.