वाल पिवळा पडला, पण दोष युरियाचा नाही

महाड-पोलादपूरकडे भात कापला की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वेल जोर धरू लागतो तोच काही रोपांवर पिवळे चट्टे उमटतात आणि घरात युरियाची पिशवी येते. सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हाच. नत्र कमी पडले तर खालची, जुनी पाने आधी फिकटतात आणि ती सारखीच फिकटतात. विषाणूचा केवडा कोवळ्या पानांवर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांनी दिसतो, आणि लगतचे रोप कित्येकदा ठणठणीत असते. भेंडीत तर शिराच पिवळ्या होऊन पानावर जाळी उमटते. भेंडीवरचा हा हळद्या रोग जुनाच आहे. मुंबई इलाख्यातून कुलकर्णी यांनी 1924 मध्ये त्याची नोंद केली आणि 1940 मध्ये उप्पल, वर्मा व कपूर यांनी तो विषाणूजन्य असल्याचे मांडले.

‘पांढरी माशी रस पिते, म्हणून पान पिवळे होते,’ असेही म्हणतात. रस गेल्याने रोप निस्तेज होते हे खरे, पण हळद्याला एवढे कारण पुरत नाही. वनस्पतीच्या पेशीला जाड भिंत असते. विषाणूला ती स्वतःहून भेदता येत नाही, जखमेतूनच आत जावे लागते. ती जखम माशीची सोंड करते. जेमतेम एक मिलिमीटरची ही माशी रोगट रस पिते, विषाणू तिच्या आतड्यातून अंगातल्या द्रवात आणि तिथून लाळग्रंथीत पोहोचतो. या प्रवासाला काही तास लागतात, पण त्यानंतर ती बरेच दिवस, कित्येकदा मरेपर्यंत रोग वाटत फिरते. त्यामुळे माश्या कमी दिसल्या म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

मावा वेगळ्या रीतीने काम करतो. पपईवरचा किंवा काकडीवर्गातला विषाणू त्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटतो, वापरलेल्या इंजेक्शनच्या सुईला रक्त लागून राहावे तसा. काही सेकंदांची टोचणी त्याला पुरते, आणि थोड्याच वेळात विषाणू पुसलाही जातो. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत त्याचे काम उरकलेले असते. म्हणून इथे फवारणीपेक्षा कडेने लावलेल्या मक्याच्या दाट ओळी अधिक उपयोगी ठरतात: मावा आधी मक्यावर उतरतो, तिथे टोचतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच संपतो. फुलकिड्यांचे तर आणखी निराळे. त्यांच्या पिल्लांनी विषाणू घेतला तरच मोठेपणी ते तो पसरवू शकतात.

शिवाय किड्याने केलेले प्रत्येक नुकसान विषाणूचे नसते. भातावरचा टुंग्रो हिरवे तुडतुडे पसरवतात. तपकिरी तुडतुड्यांमुळे भात गोल चट्ट्यांनी करपतो, तो मात्र रस शोषल्याचा परिणाम.

आता औषधाचे. लागण झालेले रोप बरे करणारे औषध बाजारात नाही. दुकानातली बाटली किडा मारते, विषाणू नव्हे. भेंडीला पहिल्या पाच आठवड्यांत लागण झाली तर नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पन्न बुडाल्याच्या नोंदी आहेत. उशिरा झाली तर नुकसान बरेच कमी. सगळी मेहनत त्या पहिल्या पाच आठवड्यांत हवी: पिवळे चिकट सापळे, पाच टक्के निंबोळी अर्क, आणि पहिले पिवळे रोप दिसताच ते उपटून गाडणे. वाढलेले झाड उपटताना जीव तुटतो, पण ते ठेवले तर पुढची वीस झाडे त्याच्याच वाटेने जातात.

‘प्रतिकारक बी घेतले की काळजी मिटली,’ हेही अर्धेच खरे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानटी भेंडीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ वाण काढले, त्याचा मोठा आधार झाला. पण विषाणू बदलत राहतो. आधीच्या ‘पुसा सावनी’ची प्रतिकारशक्ती अशीच कालांतराने ढासळली होती.

झाडाचा विषाणू माणसाला लागतो, हा शेवटचा गैरसमज सर्वांत क्रूर, कारण तो थेट बाजारभाव पाडतो. 2020 च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या धास्तीत, राज्यातल्या टोमॅटोवरच्या विषाणूची बातमी पसरली आणि गिऱ्हाईक बिचकले. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या तपासणीत झाडांवर आढळलेले विषाणू वनस्पतींचेच होते. त्यांपासून माणसाला आजार होत नाही. केवडा पडलेल्या वेलाच्या शेंगा कमी आणि बारीक येतील, पण पोपटीच्या मडक्यात भाजून खायला त्या निर्धोक आहेत.

एक गोष्ट मात्र एकट्या शेतकऱ्याच्या हातात नसते. माशी बांध ओळखत नाही. संपत आलेली रोगट भेंडी उभी ठेवून तिच्याच शेजारी कोणी नवी लावली, तर वारा वाहील त्या दिशेच्या सगळ्या वाफ्यांना पहिल्याच आठवड्यात लागण होऊ शकते. जुने पीक आधी काढायचे, बांधावरची रानभेंडी उपटायची आणि लावणीच्या तारखा आळीतल्या सगळ्यांनी मिळून ठरवायच्या.