टायर गरम आहे, हवा सोडू नका!



बेलपाड्याभोवतीची भातखाचरं नवी मुंबईत गेली. 2023 च्या नोव्हेंबरपासून तर गावाच्या नावाच्या स्टेशनवर मेट्रो थांबते. पण पनवेल तालुक्यात शेती अजून आहे, आणि जिथं बैलजोडी बांधलेली असायची तिथं आता पिकअप, टेम्पो नाहीतर ट्रॅक्टर उभा आहे. बैल राबून आला की आपण त्याला सावलीत बांधत होतो, खुरात खडा अडकला का ते बघत होतो. गाडी आली की मात्र चावी खुंटीला आणि आपण जेवायला! गाडीचे खूर म्हणजे टायर. त्यांच्याकडं कोण बघणार?

समजा, मे महिन्याच्या उन्हात तुमची पिकअप लोणावळ्याकडून माल भरून बोरघाट उतरून आली. डांबर तापलेलं, ओझं भरपूर, आणि घाटात ब्रेक दाबून दाबून ड्रम तापलेले. ती उष्णता रिममधून टायरला पोचते. घरी आल्यावर तुम्ही गेज लावता. आकडा बघून दचकता. सकाळी 35 पौंड भरली होती, आता 41 च्या वर! मग काय करता? व्हॉल्व्ह दाबून फुस्स करून सहा पौंड सोडून देता. इथंच चूक होते बरं का.

हवा तापली की फुगते, एवढा साधा हिशेब आहे. पहाटे 30 अंशांवर 35 पौंड असलेली हवा 70 अंशांवर गेली की 41 पौंडांच्या पुढं जाणारच. टायर बनवणाऱ्यानं ते आधीच धरलेलं असतं. तुम्ही गरमपणी ती 35 वर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर निवल्यावर त्यात 29 च उरेल. त्यावर पुन्हा ओझं भरून निघालात की टायरच्या बाजवा जास्त दबतात, जास्त वाकतात, म्हणून जास्त तापतात. आतले धागे कमजोर होतात आणि एक दिवस भर रस्त्यात टायर फुटतो. माल सांडला तर भरून काढता येतो. मागं बसलेली माणसं कुठून आणायची?

म्हणून हवा थंड टायरमध्येच मोजावी. गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे. सकाळी निघण्याआधीची वेळ सगळ्यात चांगली. किती पौंड, ते दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा, भरलेल्या गाडीचा वेगळा.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइंबतूरजवळ मोटारींच्या शर्यतीचे ट्रॅक आहेत. हौशी तरुण तिथं आपली गाडी पळवतात. जाणते चालक जोरात पळवल्यावर लगेच थांबत नाहीत. शेवटची एक फेरी सावकाश मारतात, म्हणजे वाऱ्यानं ब्रेक आणि टायर निवतात. आपणही घराआधीचे दोनतीन किलोमीटर गाडी हळू आणावी. ब्रेक फार तापले असतील तर हँडब्रेक करकचून ओढू नये. सपाट जागा बघून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला ठोकळा लावावा. तापलेल्या चाकावर गार पाण्याची बादली ओतू नये, ड्रम आणि डिस्क वाकडे होण्याची भीती असते.

गाडी निवली की चारी चाकांभोवती एक फेरी मारा. पाच मिनिटं लागतात. नक्षीत अडकलेले खडे स्क्रूड्रायव्हरनं काढा. बाजवेवर हात फिरवा. फुगा आला असेल तर तो टायर रस्त्यावर नेऊ नका, त्याला इलाज नाही. नक्षी दोन्ही कडांना झिजली तर हवा कमी पडते, मधोमध झिजली तर जास्त होते, आणि एकाच कडेला झिजली तर अलाइनमेंट करून घ्या. मोटारीच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदलायचाच. चिकटलेलं डांबर काढायला डिझेल, रॉकेल वापरू नका. रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरे. हवा कमी असताना बराच लांब चाललेला टायर नुसती हवा भरून पुन्हा वापरू नका, पंक्चरवाल्याकडून उतरवून आतून बघून घ्या. टेम्पो-ट्रकच्या काही रिमांना लोखंडी रिंग असते. हवा भरताना तिच्या समोर उभं राहू नका, निसटली तर जीव घेते.

आता ट्रॅक्टर. चिखलणीला मागच्या मोठ्या टायरांत साधारण 12 पौंड हवा ठेवतात, ट्रॉली जोडून रस्त्यावर जायचं तर 18 च्या आसपास. नक्की आकडा पुस्तकात बघा. लावणी उरकल्यावर हवा तशीच ठेवून विटांची ट्रॉली ओढायला जाणारे पुष्कळ आहेत, आणि मग टायर खराब लागला म्हणून दुकानदाराशी भांडतात. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर मोजताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा, नाहीतर पाणी गेजमध्ये शिरेल. चिखल वाळण्याआधी धुवा, आणि व्हॉल्व्हची टोपी हरवली असेल तर आजच नवी बसवा.