अर्ध्या तांदळाची वजाबाकी

खडवलीच्या फलाटावर रुळांकडे तोंड करून डोळे मिटा. कसारा लोकल नुकतीच गेलेली, भातसा नदीत डुंबायला आलेली पोरे पांगलेली. तेवढ्यात इथे न थांबणाऱ्या एखाद्या मेलचा भोंगा वाजतो. गाडी कल्याणकडून येतेय की कसाऱ्याकडून, हे डोळे न उघडता कळते. कसे, याचा हिशेब मांडला तर डोके गरगरते.

उन्हाळ्यात आवाज सेकंदाला सुमारे 350 मीटर धावतो. एका बाजूने आलेला भोंगा त्या बाजूच्या कानात आधी शिरतो. दुसऱ्या कानासाठी त्याला डोक्याला वळसा पडतो, बावीस-तेवीस सेंटिमीटरचा. उशीर साधारण 640 मायक्रोसेकंद. सेकंदाचे दहा लाख तुकडे केले, तर त्यातले 640. ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडीही तेवढ्यात जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर सरकते.

हा झाला मोठ्यात मोठा फरक. आवाज नाकासमोर असेल तर माणूस एका अंशाची सरकही ओळखू शकतो, आणि त्याला सुमारे 10 मायक्रोसेकंद पुरतात. तेवढ्यात आवाज साडेतीन मिलिमीटर जातो. अर्धा तांदूळ म्हणा ना! मज्जापेशीचा एक विद्युत-ठोका उमटून विरायलाच हजारेक मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे मोजायची वस्तू मापाचा शंभरावा हिस्सा, तरी माप चुकत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1907 मध्ये याची फोड केली: खर्जातले आवाज वेळेवरून जोखले जातात, तारस्वरातले डोक्याच्या सावलीवरून. पलीकडच्या कानात ते 20 डेसिबलपर्यंत मंद होऊ शकतात, म्हणजे ऊर्जा शंभरावा हिस्सा.

एक कान गेला की निम्मे ऐकू येत असेल, असा आपला समज. शांत खोलीत अशा माणसाला बोलणे जवळजवळ सगळे ऐकू येते. त्याची गेलेली असते ती वजाबाकी, कारण तिला दोन आकडे लागतात.

दिशेची ही जाण तपासायला ध्वनिरोधक खोलीत अर्धवर्तुळात स्पीकर मांडतात. मान स्थिर ठेवायची आणि आवाज कुठून आला ते दाखवायचे. आवाज मुद्दाम कधी लहान, कधी मोठा सोडतात. का? एका कानावर जगणारी काही माणसे ‘मंद आला म्हणजे बहिऱ्या बाजूचा’ असे गणित बसवतात. ते मोडायचे असते. (भोंगा तरी कुठे ठरावीक जोराने वाजतो?)

आता चुकांचा हिशेब करू. 180 अंशांत वाटेल तिकडे बोट दाखवणाऱ्याची सरासरी चूक 60 अंश येते. आळसाने कायम नाकासमोर दाखवणाऱ्याची 45. आणि प्रत्येक आवाज चांगल्या कानाशीच वाजला असे मानणाऱ्याची 90! कान नुकताच बंद झालेल्याची ओढ नेमकी तिकडेच असते.

बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानात नेऊन सोडणारी यंत्रे मिळतात. त्या बाजूचे बोलणे त्यांनी कळते, दिशा नाही. शेवटी सगळे एकाच कानात. 2016 च्या दिव्यांग कायद्यात कर्णबधिर ठरायला दोन्ही कानांत 70 डेसिबल घट लागते, त्यामुळे एक धड कान असलेला त्या व्याख्येत बसत नाही.

खडवलीला भोंगा वाजला की एक कान गेलेला माणूस आधी फलाटावरच्या माणसांकडे बघतो. त्यांच्या माना कुठे वळल्या, ते पाहून आपली वळवतो.