इंग्रजी संभाषण आणि व्हिडिओ

“इंग्रजी कळतें, पण बोलतां येत नाहीं,” ही आपल्या पुष्कळ विद्यार्थ्यांची तक्रार असते. परीक्षेंत उत्तम गुण मिळविणारा मुलगाही मुलाखतीच्या वेळीं मूक होतो, आणि त्याच्या ज्ञानाचें चीज होत नाहीं. हल्लीं मोबाइलवर इंग्रजी व्हिडिओ विनामूल्य पाहावयास मिळतात. त्यांचा या कामीं कसा उपयोग करावा, याचा थोडक्यांत विचार करूं.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, नुसतें पाहिल्यानें वाचा फुटत नाहीं. कॅनडांत फ्रेंच माध्यमांतून शिकणाऱ्या इंग्रजीभाषी मुलांविषयीं मेरिल स्वेन या विदुषीनें १९८५ सालीं लिहिलें. वर्षानुवर्षें फ्रेंच ऐकून त्या मुलांची समज चांगली झाली होती. तथापि बोलणें त्या मानानें सदोषच राहिलें होतें. ऐकण्याबरोबर स्वतः बोलणेंही अवश्य आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग व्हिडिओचा लाभ कोणता? तो हवा तेथें थांबवितां येतो, हवा तितक्या वेळां ऐकतां येतो, आणि बोलणाऱ्याचे ओठही दिसतात. ‘व्हाइन’ म्हणजे द्राक्षवेल व ‘वाइन’ म्हणजे द्राक्षासव. हे दोन शब्द आपल्या तोंडीं बहुधा सारखेच येतात. पहिल्यांत वरचे दांत खालच्या ओठास टेकतात, दुसऱ्यांत ओठ गोल होतात. हें डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे लवकर उमगतें. तसेंच ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असतां आघात पूर्वार्धावर पडतो, क्रियापद असतां उत्तरार्धावर. हा भेद कानांनींच टिपावा लागतो.

आतां रीत सांगतों. दोन मिनिटांचा सोपा संवाद निवडावा. प्रथम तो सबटायटल्स न लावतां ऐकावा. दुसऱ्या वेळीं इंग्रजी सबटायटल्स लावून न कळलेले शब्द पाहावे. मराठी लावूं नयेत, कारण मग डोळे वाचीत बसतात आणि कान झोपी जातात. तिसऱ्या वेळीं प्रत्येक वाक्यापाशीं थांबून तें त्याच चढउतारानें मोठ्यानें म्हणावें. अखेरीस आवाज बंद करून तोच प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगावा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा, आणि मूळ संवादाशीं ताडून पाहावा.

विद्यार्थिमित्रहो, आरंभीं जीभ अडखळेल, सोबती हंसतीलही. त्याची लाज बाळगूं नका. कांठावर बसून पोहणाऱ्यांकडे पाहणारास पोहतां येत नाहीं; पाण्यांत उतरावेंच लागतें. एक तास पाहण्यापेक्षां दहा मिनिटें बोलणें अधिक फलदायी होय.